शेऱ्याचा रकाना

ती पदवी मिळाली असती, तर दिनकर सरोदे यांना आठवड्याचे सहा दिवस मिळणार होते. हे गणित त्यांचं नव्हे, माझं. रविवारी साडेदहाला ते अभ्यासकेंद्राच्या वर्गात शिरत, तिसऱ्या बाकावर माझ्या शेजारी बसत आणि पिशवीतून पुस्तिका काढायच्या आधी घड्याळ बघत. मी मनात म्हणे, चौदा तास. शनिवारी संध्याकाळी सहाला ते जिल्ह्याच्या गावी पोचत आणि रविवारी सकाळी आठची एसटी धरून परत येत. मधल्या तेवढ्या वेळात बायको, सात वर्षांची ऋता आणि झोप, सगळं बसवायचं. ऋताला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिच्यासारख्या मुलांची शाळा जिल्ह्यालाच, म्हणून मायलेकी तिथे खोली घेऊन राहत, आणि सरोदे इथे तालुक्याला, पाटबंधाऱ्याच्या आमच्या ऑफिसात.

जिल्ह्याच्या मोठ्या ऑफिसात संगणक कक्ष निघायचा होता. जागा एकच. माणूस खात्यातलाच हवा आणि त्याच्याकडे डिसेंबरअखेर संगणकाची पदवी हवी. म्हणजे तीन वर्षांचे रविवार द्यायचे आणि पुढचे सोमवार ते शनिवार पदरात पाडून घ्यायचे. व्यवहार चोख होता. एका रविवारी वर्गात मी त्यांना तसं बोलूनही दाखवलं.

"तुमचं काय, खैरनारबाई?" ते म्हणाले. "तुम्हाला काय मिळणार?"

"नावापुढे चार अक्षरं. आणि रविवारी स्वयंपाकातून सुटका."

ते हसले. मी अर्धंच सांगितलं होतं.

दोन हजार तीन सालची ही गोष्ट. मी त्या ऑफिसात अभिलेख सांभाळणारी लिपिक. कपाटं, किल्ल्या, जुन्या नोंदवह्या, महिन्याची पत्रकं, हे माझं राज्य. माणूस समोर आला की याला यातून काय मिळतंय, हे मी आधी बघते. वाईट खोड आहे. पण उत्तर बहुतेक वेळा बरोबर येतं, म्हणून सुटत नाही. सरोदे स्थापत्य सहायक. पातळ्या मोजायच्या, नकाशे काढायचे. माझ्याहून चार वर्षांनी मोठे, तरी मला बाई म्हणायचे, आणि मी त्यांना नुसतं सरोदे.

अभ्यासक्रमाचं नाव होतं संगणन आणि प्रणालीविचार. संगणन म्हणजे प्रोग्राम लिहिणं, एवढं आम्हाला समजलं होतं. प्रणालीविचार म्हणजे काय, हे पहिलं वर्षभर कुणालाच कळलं नाही. शिकवायला नाडगौडा सर. एरवी ते पॉलिटेक्निकात वीजयंत्रं शिकवत. रविवारचे वर्ग त्यांनी का घेतले असावेत याचाही मी शोध लावला होता: घरी सासरे येऊन राहिले होते. सर फळ्यावर बटाट्यासारखा एक वेडावाकडा गोल काढत आणि म्हणत, ही हद्द. आत काय धरायचं, बाहेर काय ठेवायचं, ते तुम्ही ठरवता. पाण्याला, रोगाला, गर्दीला तुमची हद्द माहीत नसते. आम्ही ते वहीत उतरवून घेत असू, आणि परीक्षेत तसंच्या तसं लिहून गुण घेत असू.

शेवटच्या वर्षी प्रकल्प आला. दोघांनी मिळून करायचा, आणि विषय आपल्याच कामाच्या ठिकाणची जिवंत प्रणाली. मी आणि सरोद्यांनी बिबदऱ्याचा तलाव धरला. डोंगरातला छोटा मातीचा बांध, खाली शे-सव्वाशे घरांचं गाव आणि त्यांची शेती. तलावावर चौकीदार होते भागुजी मेंगाळ. दर सोमवारी पाण्याची पातळी बघून ते एका वहीत लिहीत: तारीख, पातळी, पाऊस, दरवाजा किती उघडा, आणि शेवटी बोटभर रुंदीचा शेऱ्याचा रकाना. अशा अकरा वर्षांच्या वह्या माझ्याच कपाटात होत्या. त्या संगणकात भरायच्या, तलाव कसा भरतो, कसा उतरतो, कुठे काळजी घ्यायची ते प्रोग्रामनं सांगायचं, असा आमचा बेत.

ऑफिस सुटल्यावर आम्ही बसत असू. देवनागरीचा माझा हात चांगला, म्हणून सरोदे वाचत आणि मी बोटं चालवी. माझी बोटं मागे पडली की ते वाचायचे थांबत, मी मान हलवली की पुढे. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी ते अडखळले. शेऱ्यात नुसतं 'नि.' लिहिलंय, हे काय, म्हणाले.

"निरंक," मी म्हटलं.

यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. सरकारी पत्रकात सांगण्यासारखं काही नसलं की निरंक लिहायचं. प्रलंबित तक्रारी निरंक, न्यायालयीन प्रकरणं निरंक. लिहून लिहून हात दुखला की नि. आणि टिंब. मी स्वतः महिन्याला साठेक ठिकाणी नि. लिहीत असे.

"मग बाकीच्या आठवड्यांत रकाना कोराच आहे, तो?"

"कोरा म्हणजे लिहायचा राहिला."

आणखी दोन वह्या झाल्यावर ते पुन्हा थांबले. म्हणाले, बाई, गंमत बघा, पाणी एकोणीस फुटांच्या वर गेलं की नि. सुरू होतं आणि खाली उतरलं की बंद. त्यांनी तीन वेगवेगळ्या वर्षांची पानं काढून दाखवली. तिन्हीकडे तसंच.

मी हसले. "त्यात काय? तलाव भरला की साहेब लोक बघायला येतात. वही मागतील या धाकानं मेंगाळ सगळे रकाने भरतात. एरवी त्यांना काय पडलंय?"

सरोदे माझ्याकडे कौतुकानं बघत राहिले. तुम्हाला माणसं बरोबर कळतात, म्हणाले. आणि मी प्रोग्राममध्ये कायमची सोयच करून ठेवली: बांधाच्या वहीतला शेरा बहुधा गळतीचाच, म्हणून कुणीही नि. टंकलं की पत्रकातल्या गळतीच्या रकान्यात आपोआप शून्य पडावं आणि छापील पत्रकात पूर्ण शब्द यावा. गळती, निरंक.

नाडगौडा सरांना आकृती दाखवली. पाऊस, डोंगर, तलाव, दरवाजा, पाट, शेतं, ऑफिस, सगळं सरोद्यांनी सुरेख अक्षरात गोलाच्या आत बसवलं होतं. गोलाच्या बाहेरून एक बाण आत येत होता, त्यावर 'माहिती' असं लिहिलेलं. सरांनी बाणाच्या शेपटाशी पेन्सिल टेकवून विचारलं, इथे कोण आहे? चौकीदार, मी म्हटलं. तो बाहेर का? मी म्हटलं, सर, तो फक्त लिहितो. सरांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, प्रश्नावली करा आणि एकदा भेटून या.

फेब्रुवारीत आम्ही गेलो. फाट्यावर उतरून दोन मैल चाल. मेंगाळ छप्पन-सत्तावन्नचे, खाकी शर्ट, त्याचं एक बटण पांढरं. त्यांच्या बायकोनं गुळाचा कोरा चहा दिला. मी बारा प्रश्न वाचले आणि त्यांनी प्रत्येकाला जरा थांबून उत्तर दिलं. नोंद कधी करता? सोमवारी. पट्टी कोण वाचतं? म्याच. नोंद करताना काही अडचण?

"रकाना बारीक हाय," ते म्हणाले.

आम्हाला दोघांनाही हसू आलं. मी उत्तराच्या जागी लिहिलं: अडचण नाही.

मग ते उठले आणि म्हणाले, खाली पायथ्याला चला, पाणी चढल्यावर कुठं काय व्हतं ते दावतो. मी उताराकडे बघितलं, चपलांकडे बघितलं. चारची एसटी चुकली की रात्रीपर्यंत गाडी नव्हती. शिवाय मला त्यांचा डाव कळल्यासारखा वाटला: खाली चौकीची खोली होती, भिंत खचलेली असणार, ती दाखवून दुरुस्तीचं साहेबांच्या कानावर घाला म्हणणार. सरोदे दोन पावलं गेलेही होते. मी गाडीची आठवण करून दिली, तसे माघारी फिरले. पुढच्या वेळी नक्की, असं आम्ही मेंगाळांना सांगितलं. ते व्हय म्हणाले आणि फाट्यापर्यंत सोडायला आले.

अहवालाला एक तक्ता जोडायचा होता: कामाची विभागणी, कोणी काय केलं. तो मी भरला. आकृती, विश्लेषण आणि लेखन, श्रीमती वै. का. खैरनार. नोंदी वाचणे, त्यांचा अर्थ लावणे व भरणे, श्री. दि. म. सरोदे. नोंदी भरणं म्हणजे हमाली, तिला गुण कमी पडतात, असं मी ऐकलं होतं. आकृतीतली एकही रेघ माझी नव्हती. सरोद्यांनी तक्ता वाचला, पेन क्षणभर कागदावर तसंच धरलं आणि सही केली. लिखाण तुमचंच चांगलं आहे, म्हणाले. मला वाटलं, यांचं काही बिघडत नाही. पदवी मिळाली म्हणजे झालं.

मे महिन्यात प्रोग्राम साहेबांना दाखवला. आमचे शेंडगे साहेब कुठल्याही नव्या वस्तूवर लगेच खूष होत. नेमके त्याच महिन्यात गिते रावसाहेब निवृत्त झाले होते. ते बिबदऱ्याकडचे शाखा अभियंता, दर महिन्याला स्वतः बांधावर जाऊन येत. जागा रिकामी होती. साहेब म्हणाले, आता फेरीला माणूस शोधायचा कशाला? मेंगाळांनी वही लिहायची, आणि तोच मजकूर चिठ्ठीवर उतरवून सोमवारच्या एसटीनं पाठवायचा. इथे ज्याला वेळ असेल त्यानं टंकायचा, पत्रक आपोआप बाहेर. जूनपासून तसं सुरू झालं. पत्रक बाहेर येताना साहेब मुद्दाम केबिनमधून उठून बघायला येत.

पाऊस त्या वर्षी दणकून झाला. जुलैच्या मध्यापासून चिठ्ठ्यांवर नि. यायला लागलं. आठ आठवडे आलं. आठ पत्रकं छापली गेली आणि त्यातल्या पाचांवर टंकणारा हात माझा होता.

सप्टेंबरात एका गुरुवारी सकाळी आठच्या सुमाराला बांध पायथ्यापासून खचला आणि तासाभरात तलाव रिकामा झाला. माणूस एकही गेला नाही. मेंगाळांनी पहाटेच घरोघर जाऊन लोकांना टेकाडावर नेलं होतं. पण खालची चाळीसेक एकर माती वाहून गेली, दोन विहिरी गाळानं बुजल्या, आणि पिण्याच्या पाण्यासाठी गाव दुसऱ्या गावाच्या तोंडाकडे बघायला लागलं. वरून विचारणा झाली: गळतीची सूचना होती का? साहेबांनी आठ पत्रकं पुढे केली. गळती, निरंक. तिसऱ्या दिवशी मेंगाळ निलंबित झाले. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. गळती होत असताना ती न कळवल्याचा ठपका.

सहाव्या दिवशी ते ऑफिसात आले. अंगात धुतलेला शर्ट. साहेबांकडे गेले नाहीत, थेट माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, बाई, माजी वही काढा. निलंबित माणसाला कागद दाखवता येत नाही, असं मी सांगत होते. तेवढ्यात सरोदे आत आले आणि त्यांनी माझ्या टेबलावरची किल्ली उचलून कपाट उघडलं. मेंगाळांनी पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय हाय?"

"निरंक," मी म्हटलं.

"न्हाय बाई. निथळ."

त्यांनी सावकाश सांगितलं, जणू चूक माझ्या कानांची होती. पाणी एकोणीस फुटांवर गेलं की बांधाचा पायथा निथळतो, ओल सुटते. पूर्वी ते अख्खं वाक्य लिहीत, ते रकान्यात मावेना. गिते रावसाहेब म्हणाले, नुसतं नि. लिही, मला कळतंय. नि. दिसलं की रावसाहेब दोन-तीन दिवसांत येत, वाळू-खडी टाकून घेत, ओल थांबे. अकरा वर्षं असंच चाललं होतं.

"आवंदा आठ डाव लिवलं," मेंगाळ म्हणाले. "कुनी आलं न्हाय. मला वाटलं, कंप्युटर हाय, त्यो बघतोय."

सरोदे खुर्चीवर बसले. मेंगाळांनी विचारलं, ते निरंक म्हंजी काय? सरोद्यांनी सांगितलं, म्हणजे काही नाही. मेंगाळांना ते नीट कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं आणि सरोद्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

"काय न्हाय," मेंगाळ म्हणाले, "तर मंग लिवायचं कशाला?"

ते गेल्यावर आम्ही जिन्यात उभे होतो. गिते रावसाहेब मुलाकडे परराज्यात गेले होते, त्यांचा पत्ताही ऑफिसात नव्हता. म्हणजे नि.चा अर्थ सांगणारा माणूस खुद्द आरोपी, आणि त्याचं खरं आहे असं म्हणू शकणारे आम्ही दोघं. मी सरोद्यांना तारखा सांगितल्या. दहा ऑक्टोबरला प्रकल्पाची तोंडी परीक्षा. नोव्हेंबरात निकाल. डिसेंबरात कक्षाची यादी. आता बोललो तर प्रकल्पच अडकणार. चौकशी सहा महिने चालते. आता गप्प राहिलो आणि जानेवारीत सांगितलं, तरी मेंगाळ सुटतीलच. उशिरानं सुटतील एवढंच.

"त्यांचा सख्खा भाऊ त्यांच्याशी बोलत नाही," सरोदे म्हणाले. "भावाचंच शेत गेलं. गाव म्हणतं, दर सोमवारी वही लिहिणाऱ्याला बांध गळतोय ते दिसलं नाही? जानेवारीपर्यंत कसे राहतील ते?"

"ऋताचा विचार करा, सरोदे."

"तिचं नाव घेऊन मला गप्प बसवू नका, बाई."

एवढं कडक ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. त्याच दुपारी त्यांनी जबाब लिहून साहेबांना दिला: चौकीदारानं गळती वेळेवर कळवली होती, संगणकात भरताना चुकीचा अर्थ लावला गेला. लावला गेला. कुणी लावला, ते लिहिलं नव्हतं. मी तो जबाब वाचला आणि मला जरा हलकं वाटलं, हेही सांगून टाकते.

महिनाअखेरीला सुनावणी झाली. बाहेरच्या विभागातले एक अधिकारी आले होते, शांत, हळू बोलणारे. खोलीत शेंडगे साहेब, सरोदे, वह्यांचा गठ्ठा घेऊन मी, आणि दाराजवळच्या बाकावर मेंगाळ. अधिकाऱ्यांनी जबाब वाचला, मेंगाळांना दोन प्रश्न विचारले, वहीतली पानं पातळीशी ताडून बघितली. मग म्हणाले, हे पटण्यासारखं आहे. शेंडगे साहेबांनी आमचा प्रकल्प अहवाल त्यांच्यापुढे ठेवला. पानं उलटत ते विभागणीच्या तक्त्यावर आले.

"नोंदींचा अर्थ लावणे, श्री. सरोदे," त्यांनी वाचलं. "नि. म्हणजे निरंक हे तुम्ही ठरवलंत?"

सरोद्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता आणि विनवणीही नव्हती. संध्याकाळी वही वाचताना माझी बोटं मागे पडली की ते जसे थांबत, तसे थांबले होते.

मी गठ्ठ्याची दोरी सोडून पुन्हा बांधत होते. जी गोष्ट मी तोवर कुणालाच सांगितली नव्हती ती अशी, की त्या एका जागेसाठी मे महिन्यातच मीही अर्ज केला होता. दोघांची पदवी एकाच वेळी आली असती तर जास्त गुणांचा माणूस घेतला गेला असता. विश्लेषण माझ्या नावावर होतं.

"हो," सरोदे म्हणाले. "मीच ठरवलं."

मेंगाळ बाकावरून उठले आणि त्यांनी सरोद्यांना हात जोडले. कोणत्या वाक्यासाठी, ते त्यांनाही नीट समजलं नसावं.

दहा ऑक्टोबरला तोंडी परीक्षेला मी एकटीच गेले. चौकशीतल्या कबुलीचा कागद पोचल्यावर सरोद्यांचा भाग विद्यापीठानं रद्द केला होता. पुन्हा एक वर्ष भरून करता येईल, असं पत्र आलं होतं. नाडगौडा सरांबरोबर बाहेरचे एक परीक्षक होते. त्यांनी प्रोग्रामबद्दल बरंच विचारलं. सरांनी एकच प्रश्न विचारला: चौकीदार आता आकृतीत कुठे आहे? मी उत्तम उत्तर दिलं. हद्द आखताना माहिती देणारा माणूस बाहेर ठेवला की तो काय म्हणतोय हे विचारण्याची वाटच बंद होते. पूर्वी गिते रावसाहेबांच्या फेरीनं ती वाट उघडी होती आणि आमच्या प्रोग्रामनं ती बुजवली. असं सगळं क्रमानं, उदाहरणासहित. बाहेरचे परीक्षक मान डोलवत होते. सरांनी वर न बघता गुण लिहिले. मला पैकीच्या पैकी मिळाले, असं मागाहून कळलं.

चौकशीचा निकाल डिसेंबरात आला. मेंगाळांचं निलंबन मागे घेतलं. मात्र नोंदवहीत अनधिकृत संक्षेप वापरल्याबद्दल त्यांना लेखी समज देण्यात आली. गावात तो कागद कुणी वाचला नाही. ते कामावर परत आले ते रिकाम्या तलावावर चौकीदार म्हणून, आणि निवृत्त झाल्यावर बायकोला घेऊन लेकीच्या सासरी राहायला गेले. मुलीच्या घरचं पाणी पितानासुद्धा संकोचणारा तो माणूस. तिथे दोन वर्षांनी वारल्याचं ऐकलं.

सरोद्यांच्या सेवापुस्तकात 'कर्तव्यात निष्काळजीपणा' असं लाल शाईनं लिहिलं गेलं, आणि त्यांची बदली राज्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या प्रकल्पावर झाली. तिथून जिल्ह्याच्या गावी यायला दोन गाड्या बदलून अकरा तास. पुन्हा वर्ष भरणं त्यांना जमलं नाही. तिकडे अभ्यासकेंद्र नव्हतं. जाताना ते माझ्या खोलीत आले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. पण त्यांनी नकाशाच्या नळ्या कुठल्या कपाटात ठेवल्यात ते सांगितलं आणि निघाले.

मला संगणक कक्ष मिळाला.

जिल्ह्याच्या गावी येऊन मला नऊ वर्षं झाली तेव्हा एकदा फॉल-पिकोच्या दुकानात सरोदे वहिनी भेटल्या. बरोबर सोळा-सतरा वर्षांची उंच मुलगी. मी ओळखलं नाही, वहिनींनीच सांगितलं, ही ऋता. मी सवयीनं जरा मोठ्यानं विचारलं, कितवीला आहेस? ती माझ्या तोंडाकडे बघत होती. स्पष्ट, थोड्या सपाट आवाजात तिनं सांगितलं, अकरावीला, आणि मोठ्यानं बोलायची गरज नाही, मला ओठांवरून कळतं. मग हसली. मीही हसले.

सरोदे कसे आहेत, विचारलं. वहिनी म्हणाल्या, आहेत तिकडेच, दोन-तीन महिन्यांनी येतात, चार दिवस राहतात. मग साडीची पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाल्या, "हिला सगळ्यांचं कळतं हो. दुकानदाराचं कळतं, कंडक्टरचं कळतं, तुमचं बघा पहिल्याच फटक्यात कळलं. ह्यांचंच कळत नाही."

"म्हणजे?"

"ते बोलले की ही माझ्याकडे बघते. मग मी तेच परत बोलते. शाळेतल्या बाई म्हणायच्या, लहानपणी जी तोंडं रोज समोर असतात, ती आधी वाचता येतात. ह्यांचं तोंड कुठे होतं समोर? हळू बोलतात त्यातून, ओठ फार हलत नाहीत. आता त्यांनी बोलायचंच कमी केलंय. येतात, बसतात, तिच्या वह्या चाळतात, जातात."

मी म्हटलं, बदलीसाठी पुन्हा अर्ज नाही केला? वहिनींनी मान हलवली.

"केला होता. लाल शाई आडवी येते. काय करणार, चूक त्यांच्याच हातून झाली ना. ते स्वतःच म्हणतात तसं."

म्हणजे त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. नऊ वर्षांत बायकोलाही नाही. वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. ते अगदी लहान होतं, चार शब्दांचं: वहिनी, चूक माझी होती. मी ओठ उघडलेही. आणि मला दिसलं, की ऋता माझ्याकडेच बघतेय, पुढचा शब्द कोणता येतोय याची वाट बघत, अगदी लक्ष देऊन.

मी तोंड दुकानदाराकडे वळवलं आणि माझा फॉल झाला का ते विचारलं.

घरी येताना माझ्या चुकीपायी कोणी काय दिलं याचा हिशेब केला, जसा मी सगळ्यांचा करते. मेंगाळांनी गाव दिलं. सरोद्यांनी घर दिलं, ते निदान समजून-उमजून. ऋतानं बापाचं बोलणं दिलं, तिला न विचारता. मी काही दिलं नाही.